युरोपकाका गिऱ्हाईक होतात

ज्या माणसानं निम्म्या शहराला युरोप दाखवला, त्याचा स्वतःचा पाय कधी युरोपला लागला नव्हता, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण तसं होतं खरं. प्रवास कंपनीच्या कचेरीत दारातून शिरल्याबरोबर डाव्या हाताच्या काउंटरमागे ते चौतीस वर्षं बसले. ‘सुट्टीत युरोपला जायचंय हो’ म्हणत कुणी आत आलं की बाकीचे कारकून डोकंसुद्धा वर न करता बोट दाखवायचे, ‘तिकडं, युरोपकाकांकडं.’ तेच नाव पुढे गल्लीत आलं, मग किराणा दुकानात आणि शेवटी जावयाच्या तोंडी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

न जाता हा माणूस एवढं सांगायचा कसा? त्याची एक पद्धत होती. गिऱ्हाईक सहलीहून परत आलं की त्यानं काकांच्या काउंटरवर चहाला यायचंच, असा दंडक. परतीचा चहा म्हणायचे त्याला. चहा काकांच्या खिशातून. त्याच्या बदल्यात काका विचारून विचारून गिऱ्हाईकाला पिळून काढायचे. स्टेशनातून बाहेर पडल्यावर सावली कुठल्या बाजूला? पायऱ्या किती? बाक कुठे? तुम्ही भांडलात कुठे? आणि सगळं वहीत उतरवायचे. दर उन्हाळ्याची एक वही. मग पुढच्या वर्षी नव्या गिऱ्हाईकाला इतक्या ठामपणे सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, काका कालच तिथून आलेत. खोटं मात्र कधी बोलले नाहीत. ‘मी पाहिलंय’ असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

आता निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, आणि आज सकाळी लेकीचा फोन आला.

‘‘बाबा, तिकिटांचं माझ्यावर सोडा. तुम्ही आणि आई, बारा दिवस, तीन गावं. ऐन उन्हाळ्यात जा, तिकडं रात्री दहापर्यंत उजेड असतो तेव्हा. फक्त कुठली तीन ते उद्या दुपारपर्यंत सांगा, नाहीतर हॉटेलं मिळायची नाहीत.’’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘आई येईल ना पण?’’

‘‘न यायला काय धाड भरलीय?’’ काका म्हणाले खरे, पण फोन ठेवल्यावर त्यांची खात्री डळमळली. कारण काकूंना ही बातमी त्यांनी नाचत नाचत सांगितली, तेव्हा काकू नुसत्या ‘बघू’ म्हणाल्या. आणि त्यांच्या ‘बघू’चा अर्थ चौतीस वर्षांत एकदाही ‘हो’ असा निघाला नव्हता.

त्याला कारणही तसंच होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी काकांनी ‘पुढच्या उन्हाळ्यात आपण दोघं जाऊ’ म्हणून शब्द दिला होता. पुढचा उन्हाळा म्हणजे कचेरीचा सीझन. इतरांची सुट्टी ती काकांची लढाई. मग त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा. काकू दर वर्षी विचारायच्या. कधीतरी विचारायच्या थांबल्या. त्या थांबल्यात हे काकांच्या लक्षात यायला आणखी दोन उन्हाळे गेले, आणि लक्षात आल्यावर, खरं सांगायचं तर, त्यांना जरा हायसंच वाटलं होतं. ते हायसं वाटणं आता निवृत्तीनंतर रोज सकाळी त्यांना टोचत होतं. काकू नाही म्हणाल्या तर हा शब्द असाच लोंबकळत राहणार, आणि पुन्हा मागायला तोंड नाही.

तर आज जेवणं झाल्यावर काकांनी कपाटावरची खोकी खाली काढली, वह्या जेवणाच्या टेबलावर रचल्या, चष्मा पुसला आणि कोरा कागद पुढ्यात ओढला. समोर काकू उशीच्या अभ्र्याला टाके घालत होत्या. भिंतीवर युरोपचा मोठा नकाशा होता. निरोप समारंभात कचेरीनं दिलेला, काउंटरमागचा तोच जुना, गिऱ्हाईकं गेली त्या प्रत्येक गावावर टाचणी टोचलेला.

काकांनी घसा साफ केला, पेन उघडलं आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं विचारलं,

‘‘हं, तर वहिनी, गुडघ्यांचा त्रास वगैरे आहे का काही?’’

काकूंची सुई हवेतच थांबली.

‘‘काय म्हणालात?’’

‘‘नाही... म्हणजे... ते आपलं...’’

‘‘वहिनी!’’ काकूंना जे हसू फुटलं ते आवरेना. त्यांनी अभ्रा तोंडावर धरला, डोळ्यांतून पाणी आलं. काकाही ओशाळून हसले. मग हसू ओसरलं आणि काकूंनी त्याच अभ्र्यानं डोळे पुसले.

‘‘अहो, साऱ्या जगाच्या बायकांचे गुडघे विचारलेत आजवर. माझे आज विचारताय. आणि तेही वहिनी म्हणून.’’

काकांनी आपली वही उघडली.

‘‘व्हिएन्ना,’’ ते वाचू लागले. ‘‘हेडमास्तरीणबाई आणि त्यांची धाकटी बहीण. राजवाड्याची बाग पाहावी. मागची टेकडी दमवते, पण वर सावलीत बसायला मिळालं. धाकटी म्हणाली, आई असती तर... आणि दोघी अर्धा तास रडल्या. मग आइस्क्रीम खाल्लं.’’ काकांचा आवाज मऊ झाला. त्या दोघी त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या, एकीच्या हातात दांडी तुटलेली छत्री, दुसरीच्या हातात काकांसाठी आणलेलं रंगीत पोस्टकार्ड. काय दिवस होते! तिकिटाच्या पुस्तकातल्या लाल कार्बननं बोटं रंगलेली असायची, दोन फोन एकाच वेळी खणखणायचे, आणि माणसं परत येताना पाच वर्षांनी लहान होऊन यायची. ‘‘छान आहे व्हिएन्ना. पहिलं हे लिहू?’’

‘‘कुठलं साल?’’

काकांनी सांगितलं.

‘‘लेकीला गोवर झाला तो उन्हाळा,’’ काकू टाका ओढत म्हणाल्या. ‘‘पोरगी नखशिखांत लाल. डॉक्टरकडे न्यायला रिक्षा मिळेना. तुम्हाला फोन केला तर दोन्ही लाइनी एंगेज. कडेवर घेऊन चालत गेले.’’

काकांनी व्हिएन्ना लिहिलं नाही. दुसरी वही घेतली.

‘‘लिस्बन. नवं लग्न झालेलं जोडपं. चढच चढ. बाईंच्या नव्या चपला चावल्या, त्या रस्त्यातच बसल्या. नवऱ्यानं स्वतःचे बूट त्यांना घातले आणि स्वतः मोज्यांवर हॉटेलपर्यंत आला. हे ऐकून आम्ही सगळ्या कचेरीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, आठवतंय मला!’’

‘‘हे घर घेतलं ते साल ना? कपाट जिन्यात अडकलं होतं. ना वर जाई, ना खाली. ते आठवतं का?’’

‘‘कपाट? नाही बुवा.’’

‘‘कसं आठवेल? तुम्ही नव्हतातच. मी आणि दोन हमाल. शेवटी त्याचे पाय कापले. म्हणून ते कपाट अजून बुटकं आहे.’’

काकांनी खोलीतल्या कपाटाकडे पाहिलं. एकवीस वर्षं ते त्यात शर्ट ठेवत होते. त्यांना वाटायचं, कपाट मुळातच बुटकं.

त्यांना आता थांबायला हवं होतं, पण माणूस घाबरला की सवयीलाच धरून बसतो. त्यांनी तिसरी वही उघडली. ‘‘ब्रूज. होडीतून फिरावं. पुलाखालून जाताना मान खाली. सासरे-जावई गेले होते दोघंच, आणि...’’

‘‘माझे वडील गेले तेव्हाची,’’ काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही की काही नाही. ‘‘तुम्ही सकाळी आलात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलात.’’

‘‘चार पार्ट्यांची तिकिटं होती दुसऱ्या दिवशी,’’ काका म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांची त्यांना लाज वाटली. चार पार्ट्या कुठल्या, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं. वडिलांचा हात धरून बसलेल्या काकू मात्र त्या एका दिवसापुरत्या त्यांना स्वच्छ दिसत होत्या. त्यांनी वही मिटली.

मग वह्यांची सगळी चळत बाजूला सारली.

‘‘तू येणार नाहीस ना?’’ त्यांनी सरळच विचारलं. ‘‘नको येऊस. मी लेकीला सांगतो. चुकलंच माझं. अगदी चुकलं. काय तोंडानं म्हणू चल म्हणून?’’

काकूंनी अभ्रा बाजूला ठेवला.

‘‘मी रागावलेय असं वाटतंय तुम्हाला. राग कधीच विरला. अहो, तुम्ही घरी आल्यावर जेवताना त्या गोष्टी सांगायचात, मलाही आवडायच्या. हेडमास्तरीणबाई मला तोंडपाठ आहेत. लेक टेबलावर चढून त्यांची नक्कल करायची. पण तिथं जाऊन मी काय करू? तुम्ही मला त्यांचा बाक दाखवणार. त्यांची टेकडी दाखवणार. मी दुसऱ्यांचेच उन्हाळे बघत फिरायचं का बारा दिवस?’’ मग जरा थांबून त्या म्हणाल्या, ‘‘एका उन्हाळ्यात होतात तुम्ही घरी.’’

‘‘कधी?’’

‘‘कावीळ झाली होती.’’

काकांना आठवलं. सहा आठवडे. या वह्यांत त्या सालची वही नव्हतीच. खिडकीजवळची खाट, ओल्या चादरी, फक्त फिकं खायचं. लेक नऊ वर्षांची. तिघं मिळून पत्ते खेळायचे आणि मायलेकी संगनमत करून काकांना रोज हरवायच्या.

‘‘दुपारी तीन वाजता तुम्ही विचारलंत, हे खडखड काय वाजतंय?’’ काकू सांगू लागल्या. ‘‘म्हटलं, शेजारणीचं शिवणयंत्र, रोज वाजतं. तुम्ही म्हणालात, रोज? मग चार वाजता भिंतीवर उन्हाचा तुकडा आला तर तो बघत बसलात. हे काय, ते काय, सारखं विचारायचात. स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे. मला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! कुणीतरी माझी दुपार बघायला आलंय.’’ त्यांनी हातातली सुई बोटांत फिरवली. ‘‘तुमचे डोळे हळदीसारखे पिवळे, डॉक्टर काळजीत, आणि मी मेली देवाला काय म्हणायचे माहितेय? यांना बरं कर रे, पण घाई करू नकोस.’’

काकांनी टेबलावरून हात पुढे केला आणि काकूंच्या हातावर ठेवला. या वयात असं करायची दोघांनाही सवय नव्हती, त्यामुळे सुई टोचली ती टोचलीच.

‘‘अगाई!’’

‘‘बघून तरी ठेवा हात,’’ काकू नाक ओढत म्हणाल्या. ‘‘आता ऐका. मी येते. पण माझी एक अट आहे. तुम्हाला जिथलं ओ की ठो माहीत नाही, तिथं जायचं.’’

‘‘अगं, माहिती नसताना जायचं कसं? स्टेशनातून बाहेर पडल्यावर कुठं वळायचं, काही...’’

‘‘तेच. उभे राहा आणि मला विचारा. मलाही माहीत नसेल.’’

काका हादरलेच. गिऱ्हाईकाला त्यांनी असं कधी पाठवलं नव्हतं. पण काकू एव्हाना पदर खोचून नकाशासमोर उभ्या होत्या.

‘‘प्राग?’’

‘‘प्रागला ना, पुलावर सकाळी लवकर...’’

‘‘बाद! बर्गन?’’

‘‘छत्री हवी. आमचे ते फर्निचरवाले...’’

‘‘बाद! अहो, तुम्ही काही शिल्लक ठेवलंय की नाही?’’ काकूंचं बोट टाचण्यांच्या गर्दीतून वाट काढत वर, उजवीकडे सरकलं. ‘‘इथं मात्र टक्कल पडलंय. हे काय आहे? टार्टू.’’

काका चष्मा सावरून पुढे झाले. तोंड उघडलं. वाट पाहिली. काहीच आलं नाही.

‘‘नाही बुवा. तिथं कुणीच गेलं नाही.’’

‘‘लिहा. आणि हे? त्से... त्सेसिस. शिंक आल्यासारखंच वाटतंय.’’

‘‘नाही.’’

‘‘लिहा. काउनास?’’

‘‘नाही गं, शपथ.’’

‘‘झाली तीन,’’ काकू म्हणाल्या आणि काकांच्या कागदावर पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं गेलं. चौतीस वर्षं शेकडो लोकांची गावं लिहून दिली, पण लिहिताना भीती वाटली ती याच तीन गावांची. आणि गंमत म्हणजे, त्या भीतीत त्यांना कुठंतरी मजाही वाटत होती. गिऱ्हाईकं काउंटरवर बसून उगाच का हसायची, ते आज कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेकीला फोन लावला आणि एकेक अक्षर सुटं करून गावांची नावं सांगितली. पलीकडे तिनं ती पुन्हा वाचून दाखवली. मग ती म्हणाली, ‘‘बाबा, तब्येत बरी आहे ना तुमची? पॅरिस नाही, रोम नाही! तुम्हाला तर सगळं पाठ आहे. अहो, या गावांत बघण्यासारखं आहे तरी काय?’’

आयुष्यभर या प्रश्नाला काकांनी न अडखळता उत्तर दिलं होतं, बागा, पूल, घंटा, पायऱ्यांच्या संख्येसकट. आज त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला.

‘‘गावांचं मला काही माहीत नाही, बाळा,’’ ते म्हणाले. ‘‘मी तुझ्या आईला बघणार आहे. तेहतीस उन्हाळे बघायची राहून गेलीय.’’