मलप्पा महाराजांची पुडी

दर गुरुवारी निलंग्याजवळच्या त्या मठापासून थेट रस्त्यापर्यंत बायकांची रांग लागायची. मलप्पा महाराज अंगाऱ्याची पुडी द्यायचे. "तारखेच्या तीन दिवस आधी सुरू कर. पाळी थांबली की समज, गर्भ राहिला."

आणि पाळी खरंच थांबायची. पुड्या संपल्या की चार दिवसांत यायची. त्यावरही महाराजांकडं उत्तर होतं. "कुणाची तरी सावली पडली. गर्भ जळाला. पुन्हा पुडी."

गावातल्या राजकन्याचा गर्भ असा तीनदा 'जळाला'. सासू मनकर्णाबाई तिला हळदीकुंकवालाही नेईनाशा झाल्या. शेवटी राजकन्या आरोग्य उपकेंद्रात जोहरा सिस्टरपुढं रडली. "माझ्याच अंगात खोट हाय, सिस्टर."

जोहरानं पुडी उघडली. राखेत गोळीचा न कुटलेला पांढरा तुकडा होता. अशाच गोळ्या मागायला माहूरला निघालेल्या बाया तिच्याकडं यायच्या. देवदर्शनात पाळीची अडचण नको म्हणून.

"उरलेल्या पुड्या मला दे," जोहरा म्हणाली.

तिनं त्या स्वतः घेतल्या. तारीख उलटून आठवडा झाला, तशी गुरुवारी रांगेत उभी राहिली. पुढंच मनकर्णाबाई राजकन्याला घेऊन उभ्या होत्या.

"महाराज, पाळी चुकली."

महाराजांनी डोळे मिटले. "राहिलं, बाई. मुलगा हाय. नवऱ्याला पेढे आणायला सांग."

"सांगते की. पण आमचे जहांगीर चौदा महिने झाले, दुबईत हायत."

रांगेत मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"देवाला अंतर नसतं," महाराज आसन सोडत म्हणाले.

"देवाला नसंल. जहांगीरला विचारावं लागंल."

आता सगळी रांग हसू लागली. महाराज आत गेले आणि दार लावून बसले.

जोहरा बायकांकडं वळली. "बीजकोशातून बीज सुटलं की तिथं एक संप्रेरक तयार होतं. ते गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं. ते कमी झालं की पाळी येते. ह्या पुडीत त्याच्यासारखंच काम करणारी गोळी हाय. पुडी चालू तोवर पाळी बंद. लवकर सुरू केली तर बीज सुटणंच थांबू शकतं. मूल राहायचं दूरच."

"मग हिचा गर्भ जळाला तो?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"राहिलाच न्हाई, तर जळंल कसा, काकू? तीनदा पाळी आली, एवढंच झालं."

मनकर्णाबाई जोहराजवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, "आता कुणाकडं न्यावं हिला?"

"लातूरला, डॉक्टरकडं. रक्त तपासून कारण तर कळू द्या. आणि तुमच्या लेकाला, अंगदलाबी न्या. मूल दोघांचं असतं, तपासणीबी दोघांची."