कुलपातला जनरेटर

तपासनीसांनी जनरेटर चालू करून पाहण्याआधी त्याच्या पाठीवरच्या माहितीपट्टीची कड नखाने खरवडली. नव्या पट्टीखाली जुनी पट्टी निघते, हे त्यांनी वीज कंपनीत मीटर तपासता तपासता एकतीस वर्षं पाहिलं होतं.

"काका, खाली काही सापडायचं नाही," दुकानदार बाई म्हणाल्या. "पाणी देऊ?"

"नको." तपासणीच्या जागी ते पाणीसुद्धा घेत नसत. निवृत्तीनंतरही घशाला ती सवय होती.

बाहेर कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे आत पलंग असलेल्या त्यांच्या राहत्या गाडीत, त्यांची बायको नाकाला ऑक्सिजनची नळी लावून बसली होती. ऑक्सिजनच्या मशीनची बॅटरी दोन तास टिके, त्यामुळे दोन वर्षांत ती त्यापलीकडे कुठे गेली नव्हती. आता तिला समुद्रकाठी बहिणीकडे जायचं होतं. वाटेत दोन मुक्काम गाडीतच. झोपेत वीज गेली तर तक्रार करायला ती उरेलच याची खात्री नव्हती.

"तुमच्या मशीनला हा लहान पुरून उरेल," बाई शेजारच्या लहान जनरेटरकडे बोट दाखवून म्हणाल्या.

लहान गळ्यात मारतेय, म्हणजे पडून राहिलेला माल. तपासनीसांनी मोठा अंगणात काढायला लावला, घरून आणलेला हीटर त्याला जोडला आणि स्वतःचं मीटर लावून अर्धा तास उभे राहिले. आकडा जागचा हलला नाही. इतकं बिनचूक कसं, म्हणून त्यांनी आणखी दहा मिनिटं घेतली.

"द्या हा."

"चालू असताना ठेवणार कुठे?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"सगळ्यांनाच विचारते."

"गाडीच्या मागे पलंगाखाली लोखंडी पेटी केलीय. कुलपाची."

"चालू असतानाही आत?"

"मग काय, बाहेर ठेवून चोराला हाक मारू?"

बाईंनी पावतीपुस्तक मिटलं. "मग मी देत नाही, काका."

दुसरं गिऱ्हाईक आलं असणार. नाहीतर... "तुम्ही पेट्याही विकता वाटतं?"

"नाही विकत. चला, गाडी दाखवा."

पेटी त्यांनी स्वतः केली होती. जोड सरळ, झाकण घट्ट, धूर जायला तळाला भोकं. बाईंनी ती कौतुकाने पाहिली, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. कौतुकाचाही त्यांना संशय आला.

"काकू, जरा खाली उतरता?" बाईंनी तिला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची दिली. दुकानातला लहान जनरेटर पेटीत ठेवून चालू केला, गाडीचं दार लावलं आणि विषारी वायू ओळखणारा भोंगा पलंगावर, तिच्या उशीशी ठेवला.

नऊ मिनिटांनी भोंगा किंचाळला.

"बिघडलेला असेल," तपासनीस म्हणाले. "मला तर वास येत नाही."

"धुरातल्या या विषारी वायूला वास नसतोच. तळातून निघतो आणि फटीफटीतून वर चढतो. आणि काकूंचं मशीन हवा ओढणार ती याच खोलीतली."

त्यांनी भोंगा अंगणात आणला. गप्प. आत नेला. किंचाळला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत.

"अहो," पलीकडून बायको म्हणाली, "आणखी कितीदा? त्या उशीवर मी झोपणारे. भोंग्याला विचारून झालं असेल तर मलाही विचारा."

तपासनीसांनी जनरेटर बंद केला, दारं सताड उघडली. मग बराच वेळ ते पेटीच्या जोडांवरून बोट फिरवत राहिले. एकतीस वर्षांत दुसऱ्याच्या हातच्या कामावर त्यांनी असा न तपासता एकदाही विश्वास ठेवला नव्हता; स्वतःच्या हातच्या पेटीवर मात्र ठेवला होता.

"बाहेरच ठेवायचा तर रोज उचलावा लागेल," बाई म्हणाल्या. "मोठा उचलून बघा."

तो वीतभर वर आला आणि खाली बसला. लहान एका हाताने उचलला गेला.

"हाच घ्या. वायर लांब देते. धूर गाडीकडे येणार नाही, असं तोंड करून ठेवा. भोंगाही न्या. आणि दांड्याला साखळी."

"साखळी कापली तर?"

"कापू देत," बायको म्हणाली. "बॅटरीवर दोन तास आहेत ना. तेवढ्यात तुम्ही चोराची चौकशी पूर्ण कराल."

बाई हसल्या. तपासनीस हसले नाहीत. वायरचं एक टोक गाडीला जोडून ते लहान जनरेटर उचलून गाडीपासून पावलं मोजत निघाले. वीस पावलांवर बायको म्हणाली, "पुरे झालं की!" त्यांनी मागे वळून खिडकीकडे पाहिलं, वारा कुठून येतोय ते पाहिलं, आणि वायर ताणली जाईपर्यंत आणखी पुढे गेले.