दिवा विझल्यावरही धनसिंग आत

शालिग्रामभाऊ एकदा कुणाला धरून बसले की सोडत नाहीत. शहाण्णव साली त्यांनी धनसिंगला धरलं. जळगावच्या एमआयडीसीत भाऊ, धनसिंग आणि मी असे आम्ही तिघं कापसाच्या जिनिंगसाठी कंट्रोलर बनवायचो, आणि आतला छोटासा कर्नल, म्हणजे सगळ्या कामांना पाळी देणारा मूळ प्रोग्रामही घरचाच होता. चोपड्याच्या जिनातलं मशीन अधूनमधून गपकन बंद पडायचं. बंद पडताना आत कोणकोणती कामं चालू होती ते पडद्यावर यायचं, आणि दर वेळी वरच्या ओळीत मोटरचं काम आणि त्याखाली धनसिंगनं लिहिलेलं, त्याच्या नावाचं.

"मोटरच्या आधी हाच आत असतो. यानंच काहीतरी बिघडवलेलं असतं," भाऊ मला म्हणाले. "शनिवारनंतर येऊ नको म्हणावं त्याला."

धनसिंगच्या प्रोग्रामचं काम एवढंच की कापसाचं वजन घेताना हिरवा दिवा लावायचा, झालं की विझवायचा. त्यात बिघडवण्यासारखं काय आहे ते मला काही केल्या कळेना. त्या रागात मी त्याच्यावरच ओरडले.

"माले बी समजत नही ताई," तो शिरपूरचा पोरगा मान खाली घालून म्हणाला. "पन पडद्यावर नाव ते मनंच येस." आणि सरळ आत जाऊन भाऊंपुढे चूक स्वतःवर घेऊन आला, "भाऊ, चूक मनीच शे."

दुसऱ्या दिवशी चाचणीचं मशीन आमच्या टेबलावरच बंद पडलं. पडद्यावर तेच. मोटर, खाली धनसिंग. माझी नजर दिव्यावर गेली, तर तो विझलेला. म्हणजे वजन घेऊन झालं होतं. मग हा अजून आत कसा? दिवा खरा की पडदा खरा? माझं डोकंच चालेना. चहाही गार झाला.

एक काम दुसऱ्याला बोलावतं तेव्हा परत कुठे यायचं याची खूण स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या एकावर एक रचलेल्या चळतीवर राहते. मशीन पडलं की भाऊंचा प्रोग्राम त्या खुणा वाचत मागे जायचा. पण मोटरचा इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवणारी मोटरची हाक, कुणी न बोलावता मधेच घुसतो. तिथे माग तुटायचा, आणि प्रोग्राम समोर दिसेल ती, धनसिंगची जुनी खूण खरी धरायचा. पाहुणा कधीच गेलेला, पण त्याची कपबशी ओट्यावर आहे म्हणून तो घरातच आहे म्हणायचं, तसला प्रकार.

मग मी एवढंच केलं, की इंटरप्ट आल्याबरोबर कोणतं काम कुठे थांबलं आणि स्टॅक कुठपर्यंत भरलेला होता ते टिपायचं, आणि माग तिथूनच काढायचा.

शुक्रवारी मशीन पुन्हा पडलं. वर मोटर. खाली 'रिकामा वेळ'. म्हणजे मोटर घुसली तेव्हा आत दुसरं कुणीच नव्हतं, चूक मोटरच्याच कामात. आणि ते भाऊंनी स्वतः लिहिलेलं. ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "धनसिंग, सोमवारी ये रे."

धनसिंग मात्र हसला नाही. आपलं नाव नसलेल्या त्या दोन ओळी तो पुन्हा पुन्हा वाचत होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "मंग चूक मनी शे, आसं माले खरंच का वाटनं?"

मला रडू आलं.