गोठ्यात गेलेली वीणा

मित्रांनो, मारुतीच्या मंदिरात खुंटीला टांगलेली ती जुनी वीणा दिसते ना, ती मीच. आमचे गाव देवणीजवळचे. मी मुळात वेलावरचा एक भोपळा. मिरजेच्या कारागिराने मला वाळवले, दांडी जोडली, तारा चढवल्या आणि मी बोलू लागले.

एरवी मला कोणी विचारत नाही. पण अखंड हरिनाम सप्ताह आला की माझा थाट बघा! सात दिवस मी जमिनीला टेकत नाही आणि नाम थांबत नाही. दोन-दोन तासांचे पहारे लागतात. पहारा बदलताना मला दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचे, असा रिवाज आहे. "तीस वर्षांत एकदाही खंड नाही," असे गावकरी पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी फुगून जाई. खरे सांगते, मला गर्वच झाला होता.

गेल्या वर्षी सप्ताहाच्या पाचव्या दिवशी, भर दुपारी, सगळे जेवायला गेले होते. मंडपात लक्ष्मणराव एकटेच पहाऱ्याला होते. अडलेले जनावर सोडवण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नाही. तेवढ्यात शेजारची बबिता धावत आली.

"काका, गाय अडली हाय! वासराचा एकच पाय भाईर आलाय. डॉक्टरला यायला लई वेळ हाय. तवर ती न्हाई राहायची!"

पुढचा पहारेकरी यायला अजून तासभर होता. आता हे मला खाली ठेवणार, तीस वर्षांचे नाव जाणार! पण लक्ष्मणरावांनी मला खाली ठेवले नाही. नाम घेत, मला गळ्यात घेऊनच ते गोठ्याकडे निघाले.

शेणामुताच्या वासाने मी नाक मुरडले. समोर देवणी गाय आडवी पडून धापा टाकत होती. लक्ष्मणरावांना दोन्ही हात मोकळे हवे होते. त्यांनी मला बबिताच्या गळ्यात घातले.

"मला? काका, गावानं बाईला कवा वीणा दिलीय का?"

"हरीचं नाव घे, माय. थांबू नको."

तिचा सूर पार चुकत होता. पण तिचा आवाज ओळखून गाय शांत झाली. लक्ष्मणरावांनी हाताला कोपरापर्यंत तेल लावले, वासराला अलगद मागे सारले आणि आत दुमडलेला पाय सरळ केला. त्यांचेही ओठ हलतच होते. मित्रांनो, मंडपात डुलक्या काढत घेतलेले नाम मी पुष्कळ ऐकले आहे. बबिता मात्र दर वेळी देवाला खरोखर हाक मारत होती. मला भरून आले.

वासरू बाहेर आले आणि शिंकले.

आम्ही परतलो, तेव्हा सप्ताहाचे जुने कारभारी व्यंकटीआप्पा मंडपाच्या दारात उभे होते. बबिता नाम घेतच होती.

"लक्ष्मणा, वीणा गोठ्यात नेलीस? सप्ताह मोडलास की रे!"

"आप्पा, वीणा टेकली न्हाई, नाव थांबलं न्हाई. मोडलं काय, तुमीच सांगा."

आप्पांनी लक्ष्मणरावांच्या माखलेल्या हातांकडे पाहिले. मग त्यांनी पुढे होऊन बबिताच्या गळ्यातून मला घेतले, आपल्या गळ्यात घातले आणि रिवाजाप्रमाणे वाकून तिच्या पाया पडले.

यंदा पहाऱ्याच्या फळ्यावर बबिताचे नाव आहे. मित्रांनो, सप्ताह संपला म्हणून मला धूळ खात ठेवू नका. तारा सैल करा, कापडात गुंडाळा, मधूनमधून पुसा. पण माझ्याकडे येण्याआधी गोठ्यातल्या जनावरांना पाणी दाखवून या. मी थांबते.