दोन घरच्या मधमाश्या

अकराला दिग्दर्शक येणार होता आणि दहा पन्नासला मधमाश्या बिथरल्या.

मधमाश्या म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचे चार हजार कण. चित्रपटातली म्हातारी हात पुढे करून तळवा उघडते आणि सगळ्या त्यावर उतरतात, एवढंच दृश्य. त्यासाठी धाकटीनं त्या तळव्याला एक न दिसणारा गोळा बांधला होता. तेच माश्यांचं टार्गेट. गोळा जिकडे, माश्या तिकडे. काल संध्याकाळपर्यंत सगळं सुतासारखं सरळ होतं. आज त्या तळव्याच्या वीतभर अलीकडे, रिकाम्या हवेत घोटाळत होत्या.

धाकटीची तीन महिन्यांची उमेदवारी आज संपत होती. दृश्य पास झालं तर नोकरी पक्की, नाहीतर घरचा रस्ता. त्यात विभागप्रमुख तिचा सख्खा मोठा भाऊ. 'वशिल्याचं तट्टू' हे शब्द तिनं चहाच्या मशीनपाशी स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

"सर, काल हे नीट चालत होतं."

"आता खोलात शिरू नकोस. म्हातारीचा हात थोडा मागे घे, भागेल," भाऊ म्हणाला. बघत मात्र भलतीकडेच होता.

तिनं हात वीतभर मागे घेतला. माश्या सरकल्या, पण अर्धीच वीत. मग उरलेली ओढ कुणाची? तिनं लपवलेल्या वस्तूंची यादी उघडली. तिथे आणखी एक गोळा होता, हातापासून सुटा, हवेत लटकलेला. शेजारी वेळ होती, आज सकाळी साडेआठ. आणि करणाऱ्याचं नाव भावाचं.

तिच्या कानशिलांत रक्त चढलं. तेवढ्यात दार उघडलं.

"घरी बोलू," भाऊ पुटपुटला.

दिग्दर्शक उभ्याउभ्याच पडद्याकडे बघत राहिला. "या माश्या आंधळ्या आहेत का?"

"नाही. यांना दोन टार्गेट्स आहेत," धाकटी म्हणाली. "दोन घरचा पाहुणा उपाशी." तिनं हात जागेवर नेला आणि दुसऱ्या गोळ्याची ओढ शून्यावर आणली. चार हजार माश्या वळल्या, थोड्या पुढे गेल्या, परतल्या आणि तळव्यावर उतरल्या.

"दुसरं कुणी ठेवलं?"

नाव जिभेवर होतं. तिनं दात आवळले.

"मी," भाऊ म्हणाला. "म्हटलं, हिचा गोळा हातातून निसटला तर एक जादाचा असावा. हिच्याकडून काहीतरी राहून जातंच."

"आणि हाताला बांधायचं तुझ्याकडून राहिलं," धाकटी म्हणाली.

ती चूक तिनं तिथेच माफ केली. 'राहून जातंच' हे मात्र तिच्या काळजाला लागलं.

"दृश्य पास," दिग्दर्शक तिला म्हणाला. "उद्यापासून तू पक्की. यांच्याच हाताखाली. चालेल?"

"चालेल. पण माझ्या फाइलला सरांनी हात लावायचा नाही."

भावानं मान हलवली. तिच्या नजरेला नजर द्यायला मात्र त्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत धीर झाला नाही.