लिफ्ट बंद आहे

भोंग्याने पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत ‘लिफ्ट बंद आहे’ असं लिहिलं आणि चांगल्या चालत्या लिफ्टच्या दाराला पाटी डकवली. मग स्वतः त्याच लिफ्टने शीळ घालत तिसऱ्या मजल्यावर गेला.

दम्याच्या औषधाचा अभ्यास, आणि बैठक तिसऱ्या मजल्यावर! त्यात लिफ्ट दिवसाआड रुसायची. आजारी माणसं खालूनच परत जायची.

‘चढू देत एकदा साहेबलोकांना,’ तो स्वतःशीच हसला. ‘छातीचा भाता कसा होतो, कळू दे.’

बोलायला लागला की थांबत नाही, म्हणून गल्लीने त्याला भोंगा नाव ठेवलेलं. या अभ्यासाच्या समितीत तो रुग्णांच्या वतीने बसायचा. दमा त्याला नव्हता, बायकोला होता. पण ती कुठे चारचौघांत बोलणार?

आज औषधाच्या वेळा पक्क्या व्हायच्या होत्या. सकाळ, दुपार, रात्र. एकदा ठरलं की शेकडो घरांत त्याच वेळांना तोंडात औषधाचा पंप मारला जाणार.

“आमची ही तिन्ही वेळा घेते, घड्याळ लावून,” असं त्याने मागेच छातीठोक सांगितलं होतं.

बैठकीसाठी ठेवलेली बिस्किटं त्याने खाऊन संपत आली तरी कोणी वर येईना. खालून मात्र हसण्याचा आवाज आला. तो जिन्याने उतरला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अख्खी समिती पायऱ्यांवर बसली होती. डॉक्टरीणबाई, नर्स, आकडेवारीचे साहेब. आणि मधोमध, भिंतीला टेकून, त्याची बायको.

नर्सने तिला परस्पर बोलावलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

“दुपारचा पंप मी घेतच नाही,” ती थांबत थांबत सांगत होती. “घेतला की हात थरथरतात, शिवण वाकडी जाते. एक ब्लाऊज बिघडला की गिऱ्हाईक गेलंच समजा.”

“आणि दुपारी धाप लागली तर?”

“मशीनवर डोकं टेकवते. यांना वाटतं, डुलकी काढतेय.”

सगळे हसले. डॉक्टरीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

भोंगा गुपचूप तिच्याशेजारी टेकला.

“अगं, लिफ्ट चालू आहे,” तो पुटपुटला.

“माहितीये. तुमचं अक्षर मी ओळखत नाही होय?”

“मग चढलीस कशाला?”

“ही सगळी मंडळी पाटी वाचून जिन्याकडे वळली. म्हटलं, तुमची गंमत कशाला मोडा.”

डॉक्टरीणबाईंनी सवयीने त्याच्याकडेच मान वळवली.

“काका, मग दुपारऐवजी कुठली वेळ सोयीची पडेल यांना?”

त्याने तोंड उघडलं. उत्तर जिभेवर तयारच होतं.

मग त्याने बायकोच्या हातातली पिशवी आपल्या मांडीवर घेतली, आणि तिचा श्वास जागेवर यायची वाट बघत बसला.