गुळगुळीत गाल

रविवारच्या ऑनलाइन वर्गासाठी त्याने ताईचा फोटो घेतला, तेव्हा त्यामागे फार काही विचार नव्हता. संगणकावर चित्रं रंगवायला शिकवणारा हा मास्तर त्वचेसाठी नावाजलेला होता. त्याने रंगवलेला गाल इतका मऊ उतरायचा की पडद्याला बोट लावून बघावंसं वाटे. त्या दिवशीचा विषय होता उजेड आणि सावली एकमेकांत बेमालूम कशी मिसळायची. सोपा चेहरा घेतला तर शिकवण्यात काय मजा? फोन चाळताना थोरल्या बहिणीचा फोटो सापडला. खिडकीशी बसलेली, एका बाजूने उन्हाची तिरीप, आणि दोन्ही गालांवर कांजिण्यांचे खोल व्रण. त्याला तो आयताच मिळाला. ताई पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. दारातून डोकावून विचारलं असतं तरी काम झालं असतं.

कानाला हेडफोन लावून तो बोलू लागला. "आधी उजेडाचा रंग भरा, मग सावलीचा. आता दोन्हींच्या सीमेवर पेन अगदी हलकं टेकवा. तिथे जो मधला रंग तयार होतो तो उचला आणि तोच पुन्हा पसरा. नुसतं फासत बसू नका, रंग मळतो."

विद्यार्थी खूश होते. त्यांच्या खुशीने त्यालाही चढलं. चित्र मोठं करून तो गालावर आला. "आणि हा बघा खड्ड्यांचा रस्ता," तो म्हणाला. "ठिगळं लावत बसलात तर जन्म जाईल. मोठा मऊ ब्रश घ्या आणि सरळ डांबर ओता."

पडद्याच्या कडेला हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्याने एकेक व्रण बुजवत आणला. अर्धा चेहरा तुळतुळीत झाला. "बघा, बाई कशा तरुण झाल्या!"

यावर मात्र कुणी हसलं नाही. एका विद्यार्थिनीने लिहिलं, "सर, तुमच्या मागे कुणीतरी उभं आहे."

त्याने वळून पाहिलं. दारात ताई चहाचा कप घेऊन उभी होती. पडद्याच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याच्या चौकटीत, त्याच्या खांद्यामागे, तिचा चेहरा सगळ्यांना दिसत होता, आणि शेजारी तोच चेहरा अर्धा बुजवलेला. ताईने कागद बाजूला सारून कप ठेवला.

"गार होईल," एवढंच म्हणून ती गेली.

"आज इथेच थांबू," तो कसाबसा म्हणाला. वर्ग बंद करायचं बटण त्याला चटकन सापडेना. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे त्याला न बघताही कळत होतं.

घरात कांजिण्या आणल्या होत्या त्यानेच, शाळेतून. आई कामावर जायची, तेव्हा ताई त्याच्या उशाशी बसून अंगाला औषध लावायची, खाजवू नये म्हणून त्याचे हात धरून ठेवायची. मग ती आजारी पडली. त्याच्या अंगावर एक डागही राहिला नाही. हे त्याला आठवत नव्हतं असं नाही. फोटो निवडताना ते मनात आलंच नाही, आणि आता तेच त्याला जास्त लागत होतं.

ताई स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. ओटा स्वच्छच होता.

"ताई, मी ते फक्त उदाहरण म्हणून..."

"कळलं मला."

"तुला वाईट वाटावं म्हणून नव्हतं गं."

ताईने फडकं पिळलं. "माझ्या चेहऱ्याचं मला नवीन नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर आरशासमोर उभी असते मी. लोक बघतात, पोरं विचारतात, मी सांगते. परक्यांना हसवायला तू माझं तोंड वापरलंस, ते जिव्हारी लागलं."

"मी त्या वर्गाचं रेकॉर्डिंग काढून टाकतो," तो म्हणाला, आणि म्हणतानाच हे किती तोकडं आहे ते त्याला जाणवलं.

"टाक. मी ऐकलंय ते कसं काढशील?"

तो तिथेच उभा राहिला. ताईने त्याला जायला सांगितलं नाही, थांबायलाही नाही.

आठवडाभर दोघं बोलली ती भाजी, किल्ली, दिव्याचं बिल एवढंच. एकदा धीर करून त्याने विचारलं, "मी तुझं चित्र काढू का? जसं आहे तसं, एकही व्रण न बुजवता?"

"नको," ताई शांतपणे म्हणाली. "त्याने तुला बरं वाटेल. मला पुन्हा तुझ्यासमोर बसावं लागेल."

पुढच्या रविवारी वर्ग सुरू झाला. त्याने स्वतःचा फोटो पडद्यावर आणला, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसकट.

"मागच्या वेळचा फोटो माझ्या बहिणीचा होता," तो म्हणाला. "तिला न विचारता घेतला आणि वर तिची टिंगल केली. तुम्ही हसलात, कारण मी हसवलं. चूक माझी."

एकाने विचारलं, "पण सर, गिऱ्हाइकाला गुळगुळीतच हवं असतं ना?"

"मग गिऱ्हाइकाला विचारा. व्रणालाही एका कडेला उजेड असतो आणि एका कडेला सावली. ती कडा कुठे ठेवायची, कुठे विरघळवायची, हे ज्याचा चेहरा त्याला ठरवू दे." त्याने पेन उचललं. पहिली सावली डागाळली. ती पुसून त्याने पुन्हा सुरुवात केली.

वर्ग संपवून तो बाहेर आला. ताई दुकानाचे कपडे घालून चपला अडकवत होती.

"भिंतीतून सगळं ऐकू येतं," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

त्याने पुढे होऊन दार उघडलं.

"जेवून घे. कुकर उघडलेला नाही अजून, भात गरम असेल," असं म्हणून तिने दार ओढून घेतलं.